हंडा, विहीर आणि पंगत : अन्नपाण्यातून पसरणारे आजार कसे ओळखावेत आणि कसे अडवावेत

मराठवाड्यात पिण्याचे पाणी म्हणजे बहुतेक घरांत साठवलेले पाणी. कुठे नळ चार दिवसांनी येतो, कुठे आठ दिवसांनी, आणि उन्हाळ्यात अनेक वस्त्यांना टँकरचीच वाट पाहावी लागते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांच्या लक्षात आहे. पण वाघिणीतून निघालेले ते पाणी घरातल्या हंड्यापर्यंत पोचेस्तोवर किती टाक्या, किती पाईप आणि किती हात बदलत गेले असेल, याचा विचार फारसा झाला नाही. बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी म्हणून गावोगाव फिरताना जुलाबाच्या साथीचे मूळ मला जितक्या वेळा विहिरीत सापडले, जवळपास तितक्याच वेळा ते स्वयंपाकघरातल्या हंड्यात सापडले. विहिरीत औषध टाकून सगळे निर्धास्त झालेले असतात, आणि तेच पाणी घरात आल्यावर लहान मूल त्यात पेला बुडवते, त्या पेल्यासोबत बोटेही बुडतात.

नव्याने संसार मांडलेली जोडपी, शिक्षणासाठी लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथे खोली घेऊन राहणारी मुले-मुली, आणि गावात नुकतेच जलसुरक्षक किंवा पाणी समितीचे सदस्य झालेले लोक यांच्यासाठी हे लिहीत आहे. पायऱ्या क्रमानेच वाचाव्यात, कारण रोगाची वाट कळल्याशिवाय ती कुठे अडवायची हे कळत नाही.

पायरी पहिली : रोगाची वाट समजून घ्या

गॅस्ट्रो, पटकी म्हणजेच कॉलरा, हगवण, विषमज्वर म्हणजे टायफॉईड, आणि 'अ' व 'ई' प्रकारची कावीळ ही नावे वेगवेगळी असली तरी या सर्वांची वाट मुख्यतः एकच आहे: आजारी माणसाच्या विष्ठेतून निघालेले जंतू पाणी, हात, माशा किंवा अन्न यांच्यामार्फत दुसऱ्याच्या तोंडापर्यंत पोचतात. उघड्यावरची विष्ठा पहिल्या पावसात वाहून आडात किंवा विहिरीत उतरते. शौचालयाचा खड्डा हातपंपाला किंवा बोअरला खेटून असेल तर जमिनीखालूनही तेच घडते, म्हणून या दोन्हींत किमान १५ मीटर अंतर ठेवावे असे सांगितले जाते. लहान मुलाची शी निरुपद्रवी असते हा समज तर पूर्णपणे चुकीचा आहे. ती उकिरड्यावर किंवा नालीत न टाकता शौचालयातच टाकावी.

शहरात आणखी एक वाट असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. नळ सुरू असताना पाईपमध्ये दाब असतो, त्यामुळे गळतीच्या जागेतून पाणी बाहेर पडते. पुरवठा बंद झाला की दाब जातो आणि त्याच भोकातून शेजारच्या गटारीचे पाणी आत ओढले जाते. नळाला थेट मोटार लावली की ही ओढ अधिकच वाढते. म्हणून चार-आठ दिवसांनी आलेल्या नळाचे सुरुवातीचे गढूळ किंवा वासाचे पाणी पिण्यासाठी भरू नये. ते अंगण, संडास किंवा झाडांसाठी वेगळे काढावे, म्हणजे वायाही जात नाही.

दूषित अन्न किंवा पाणी पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत किती वेळ जातो, हे माहीत असणे फार उपयोगाचे आहे. जंतूंनी अन्नात आधीच विष तयार करून ठेवले असेल तर जेवणानंतर १ ते ६ तासांत उलट्या सुरू होतात. कॉलरा काही तासांपासून ५ दिवसांपर्यंत केव्हाही दिसतो. टायफॉईडला साधारण १ ते ३ आठवडे लागतात, तर कावीळ दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत दबा धरून बसते. एखाद्या गल्लीत आज काविळीचे पाच रुग्ण निघाले, तर दोष आजच्या पाण्यात शोधून उपयोग नाही. महिनाभरापूर्वी कुठे पाईप फुटला होता आणि कोणत्या लग्नात सगळे जेवले होते, हे विचारावे लागते. 'ई' प्रकारची कावीळ गरोदर स्त्रियांना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. अशा वेळी माळ घालून किंवा झाडपाला देऊन दिवस घालवू नयेत, त्या बाईला लगेच रुग्णालयात न्यावे.

ही वाट कायमची बंद करता येते, याचे एक उदाहरण आपल्या थोरामोठ्यांना ठाऊक आहे. पायातून दोऱ्यासारखा जंत बाहेर पडणारा नारू पूर्वी महाराष्ट्रातही होता. नारू झालेला माणूस बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालायचा, जंताची पिल्ले पाण्यात जायची, तिथल्या बारीक किड्यांच्या पोटात वाढायची आणि ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरात शिरायची. त्यावर लस नव्हती आणि खात्रीचे औषधही नव्हते. पाणी फडक्याने गाळून पिणे, बारवांत उतरणे बंद करणे, हातपंप बसवणे आणि पाण्यात औषध टाकून ते किडे मारणे एवढ्यावर देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला, आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले.

पायरी दुसरी : घरातले पाणी

सर्वप्रथम पिण्याचे पाणी आणि वापरायचे पाणी यांची भांडी वेगळी करा. पिण्याच्या पाण्याला तोटीचा माठ किंवा तोटीची टाकी सर्वांत उत्तम, कारण तिथे हात बुडवण्याचा प्रश्नच राहत नाही. तोटी नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे घ्या, आणि ते झाकणावर किंवा जमिनीवर न ठेवता भिंतीतल्या खिळ्याला अडकवा. एका घरी ओगराळे होते, झाकण होते, हंडा लखलखीत घासलेला होता. पण ओगराळ्याचा दांडा इतका आखूड होता की पाणी निम्म्यावर आले की काढणाऱ्याची मूठ पाण्यात जायची, आणि त्या घरातली दोन्ही मुले महिन्याआड आजारी पडायची. दांडा भांड्याच्या उंचीपेक्षा वीतभर लांब असावा. भांडे रिकामे झाल्याशिवाय त्यात नवे पाणी ओतू नये, आणि दर वेळी आतून घासून मगच भरावे, कारण आतल्या बाजूला जो बुळबुळीत थर बसतो त्यात जंतू तग धरतात.

पाणी गढूळ असेल तर आधी ते निवळू द्यावे. तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, पण जंतू मरत नाहीत. हा फरक न कळल्यामुळे अनेक घरांत तुरटी फिरवली की पाणी शुद्ध झाले असे समजतात. निवळलेले पाणी सुती कापडाच्या चार पदरांतून गाळावे. बांगलादेशातील खेड्यांत जुन्या साडीच्या अनेक पदरांतून पाणी गाळायला शिकवल्यावर कॉलऱ्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले होते, कारण कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून राहतात. गाळल्यानंतर मात्र पाणी उकळावे किंवा क्लोरीन टाकावे. उकळताना मोठे बुडबुडे येऊन पाणी खळखळू लागले की पुढे किमान एक मिनिट तसेच ठेवावे, आणि झाकूनच थंड करावे. गॅस परवडत नसेल तर आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात क्लोरीनचे द्रावण अथवा गोळ्या मागाव्यात. त्यांची तीव्रता वेगवेगळी असते, म्हणून शेजारणीने सांगितलेल्या थेंबांवर न जाता त्याच बाटलीवरचे प्रमाण वाचावे, आणि टाकल्यानंतर अर्धा तास थांबून पाणी प्यावे. पाण्याला येणारा थोडासा औषधी वास हा दोष नसून राखण अजून जागी असल्याची खूण आहे.

आरओच्या पाण्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आरओ यंत्र क्षार आणि जंतू काढते, पण त्यातून बाहेर आलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. ते पाणी न धुतलेल्या जारमध्ये भरले किंवा जारच्या तोंडाला हात लागला, तर आत शिरलेल्या जंतूंना अडवणारे काहीच नसते. खोली घेऊन राहणाऱ्या मुलांनी जार किती दिवस उघडा आहे आणि तो आतून कधी धुतला गेला, हे अवश्य पाहावे. उलट फ्लोराईडचा प्रश्न असेल, जसा तो किनवट तालुक्याच्या काही भागांत आहे, तर उकळून किंवा क्लोरीन टाकून काहीही उपयोग होत नाही. तिथे पाण्याचा स्रोत बदलणे किंवा योग्य यंत्र बसवणे हाच मार्ग आहे.

पायरी तिसरी : विहिरीत आणि टाकीत टीसीएल

नव्या जलसुरक्षकाने ही पायरी सावकाश वाचावी. ब्लीचिंग पावडर, जिला आपण टीसीएल म्हणतो, ती ताजी असताना तिच्यात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. ओल, ऊन आणि हवा लागली की क्लोरीन उडून जातो आणि मागे नुसता चुना उरतो. २० टक्क्यांपेक्षा कमी क्लोरीन असलेली पावडर पाणी शुद्धीकरणासाठी निकामी समजावी. मृग बरसून गेल्यावर एका गावात जुलाबाची साथ आली होती. विहिरीत रोज पावडर पडत होती, वहीत तशी नोंदही होती. मी पोत्यात हात घातला तर पावडरीचे दगडासारखे गोळे झालेले होते आणि नाकाशी नेल्यावरही वास येत नव्हता. ते पोते पत्र्याखाली उघड्या तोंडाने पडून होते. मेहनत रोज होत होती, पण विहिरीत चुना जात होता.

आधी विहिरीत पाणी किती आहे ते काढा. विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा. व्यासाचा वर्ग, गुणिले खोली, गुणिले ३.१४, भागिले ४, आणि आलेल्या उत्तराला १००० ने गुणले की लिटर मिळतात. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८ हजार लिटर भरते. स्वच्छ पाण्याला आणि ताज्या पावडरीला १००० लिटरमागे २.५ ग्रॅम पुरतात, म्हणजे या विहिरीला ७० ग्रॅम लागतील. पाणी गढूळ असेल किंवा पावडर जुनी असेल तर ५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे १४० ग्रॅमपर्यंत जावे लागते. वजन अंदाजाने करू नये, घरगुती तराजू वापरावा.

पावडर थेट विहिरीत कधीही फेकू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवून तिची पातळ लापशी करावी, एका बादलीला १०० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळावी आणि पाच-दहा मिनिटे स्थिर ठेवावी. चुना तळाशी बसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढून घ्यावे आणि चुना विहिरीत न टाकता बाहेर टाकावा. ती बादली दोरीने विहिरीत पाण्याखाली सोडून खालीवर आणि सगळ्या बाजूंना हलवावी, म्हणजे औषध सर्वत्र मिसळते. त्यानंतर एक तास कोणालाही पाणी भरू देऊ नये. म्हणून हे काम संध्याकाळी उशिरा किंवा पहाटे, बायका पाण्याला येण्याआधी करणे सोयीचे पडते. तोंडाला रुमाल बांधावा, वाऱ्याला पाठ करून उभे राहावे.

आता ओटी चाचणी. काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पाणी लगेच पिवळे होते, आणि तो रंग शेजारच्या पट्टीशी जुळवून प्रमाण वाचतात. विहिरीवर ०.५ पीपीएम (म्हणजे लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम) आणि शेवटच्या घराच्या नळाला किमान ०.२ पीपीएम क्लोरीन मिळायला हवा. नवे लोक ही चाचणी टाकीजवळच करून मोकळे होतात. माझा आग्रह असा की ती नेहमी वस्तीच्या टोकाच्या घरी करावी, कारण पाईप जिथे फुटला असेल तिथून पुढे पिवळा रंग येत नाही आणि गळतीची जागा आपोआप कळते. हे औषध विषारी असल्याने बोटाला लावू नये आणि तपासलेले पाणी जपून बाहेर ओतावे.

पाण्यात जंतू आहेत का हे तपासण्यासाठी एच-टू-एसची बाटलीही मिळते. तिच्यात पाणी भरून २४ ते ४८ तास ठेवल्यावर ते काळे पडले तर ते पाणी पिण्यालायक नाही. दर वर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाणी स्रोतांची पाहणी होते, आणि त्यावरून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणते आणि का, हे ग्रामसभेत विचारणे हा प्रत्येकाचा हक्क आहे.

पायरी चौथी : स्वयंपाकघर आणि पंगत

पाणीटंचाईत सर्वांत आधी काटछाट होते ती हात धुण्यावर. शौचाहून आल्यावर, बाळाला स्वच्छ केल्यावर, स्वयंपाकापूर्वी आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याला पर्याय नाही. पाणी वाचवायचे असेल तर प्लॅस्टिकच्या डब्याच्या झाकणाला बारीक भोक पाडून तो मोरीत उलटा टांगावा. त्या धारेत तांब्याभर पाण्यात चार जणांचे हात धुऊन होतात. साबण नसेल तर चुलीची स्वच्छ राख चालेल, माती नको.

शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर एक तासही पुष्कळ झाला. अन्न एक तर ६० अंशांच्या वर गरम राहिले पाहिजे, किंवा ५ अंशांच्या खाली थंड. मधल्या कोमटपणात जंतू झपाट्याने वाढतात. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांचे लक्ष भाजीकडे आणि गोडाकडे असते, पण भाताकडे कोणी पाहत नाही. पहाटे शिजवून ओल्या कापडाखाली ढीग करून ठेवलेला भात दुपारपर्यंत मधोमध कोमट राहतो, आणि त्यात तयार झालेले विष पुन्हा गरम केले तरी जात नाही. म्हणून भात एकदम न शिजवता पंगतीगणिक घाणे टाकावेत. मठ्ठ्यात टाकायचा बर्फ कुठून आला ते विचारावे. खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळा रंग द्यावा असा नियम आहे, तेव्हा निळसर बर्फ अन्नात जाऊ देऊ नये. ज्या आचाऱ्याला किंवा वाढप्याला जुलाब होत आहेत किंवा बोटाला पिकलेली जखम आहे, त्याला त्या दिवशी प्रेमाने पण ठामपणे घरी पाठवावे.

भगरीबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे, कारण एकादशी, महाशिवरात्र आणि नवरात्र आले की आपल्याकडच्या रुग्णालयांत भगरीतून विषबाधा झालेले रुग्ण येतात. भगर आणि विशेषतः तिचे पीठ हवेतली ओल पटकन धरते, त्यावर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते, आणि त्या बुरशीचे विष शिजवल्यानंतरही टिकते. उलट्या, चक्कर, अंगाला थरथर ही त्याची लक्षणे आहेत. सुटी भगर किंवा सुटे पीठ घेऊ नये, बंद पाकिटावरची तारीख पाहावी, भगर निवडून धुऊन वाळवावी, आणि पीठ लागेल तेवढेच त्याच दिवशी दळावे. मागच्या उपवासाचे उरलेले पीठ डब्यात असेल तर ते टाकून द्यावे, ही उधळपट्टी नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील कोष्टवाडी येथे महाप्रसादानंतर सुमारे २००० लोकांना त्रास झाला होता. हजारोंचे जेवण जिथे एकाच वेळी होते तिथे एक चूकही हजारोंपर्यंत पोचते, म्हणून प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना झाकून, थंड जागी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवण्याची सवय संयोजकांनी लावून घ्यावी.

पायरी पाचवी : जुलाब सुरू झाले तर

जुलाबात माणूस बहुधा जंतूंमुळे नव्हे, तर अंगातले पाणी आणि मीठ गेल्यामुळे दगावतो. १९७१ मध्ये बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा मिसळलेले पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण त्यामुळे ४ टक्क्यांच्या खाली आले. आज ओआरएसचे पाकीट प्रत्येक उपकेंद्रात मोफत मिळते, आणि तरीही आपल्याकडे सलाईन लावल्याशिवाय उपचार झाला असे वाटत नाही.

मोठे पाकीट पूर्ण एक लिटर शुद्ध पाण्यात एकाच वेळी विरघळवावे. चिमूटभर काढून पेल्यात टाकणे ही सर्रास होणारी चूक आहे. त्यात प्रमाण बिघडते आणि द्रावण खारट झाले तर लहान मुलाला अपाय होतो. तयार द्रावण २४ तासांनी ओतून टाकावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा असावा. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरू करावे. अंगावरचे दूध बंद करू नये; मोठ्या मुलाला वरणाचे पाणी, पेज, ताक चालते. सहा महिन्यांवरील मुलाला झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक याप्रमाणे १४ दिवस द्यावी. जुलाब थांबले तरी मध्येच सोडू नये. जुलाब बांधणारी गोळी मुलांना देऊ नये, आणि अँटिबायोटिक डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय कोणालाच नको. रोटाव्हायरसची लस ६, १० आणि १४ आठवड्यांना मोफत मिळते, ती चुकवू नये.

डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली गेली, सहा तास लघवी झाली नाही, मूल सुस्त पडून पाणीही पिईना, शौचातून रक्त पडले किंवा तांदळाच्या धुवणासारखे पांढरे जुलाब होऊ लागले, तर घरी थांबू नये. १०८ ला फोन करावा आणि वाटेत ओआरएस पाजत राहावे.

पायरी सहावी : एकाहून अधिक जण आजारी पडले तर

एकाच गल्लीत दोन-तीन घरांत जुलाब सुरू झाले की त्याच दिवशी आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. गावाची बदनामी होईल म्हणून लपवलेली साथ दुसऱ्या दिवशी दुप्पट होते. वहीत प्रत्येक रुग्णाचे नाव, वय, घर, त्रास सुरू झाल्याची तारीख आणि वेळ, पाणी कुठले पितो, आणि मागील दोन-तीन दिवसांत कुठे काय खाल्ले, एवढे लिहावे. सगळे रुग्ण एकाच आडाचे पाणी पिणारे निघाले तर त्याच आडाला कुलूप लावायचे. सगळे एकाच पंगतीचे निघाले तर उरलेले अन्न फेकू न देता तपासणीसाठी राखायचे आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवायचे. शंका असलेल्या विहिरीचा नमुना टीसीएल टाकण्याआधी घ्यावा, कारण नंतर घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडत नाहीत आणि खरे कारण हातचे निसटते. नमुन्याची बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक करून आणावी, तोंडाला बोट न लावता भरावी, बर्फाच्या डब्यात ठेवावी आणि त्याच दिवशी पोचती करावी. त्यानंतर लगेच विहिरीत औषध टाकावे, आणि साथ ओसरेपर्यंत रोज वस्तीच्या शेवटच्या नळावर ओटी करून तिचा आकडा त्याच वहीत, रुग्णांच्या नावांशेजारी लिहीत जावा.